प्लूरेवानच्या अंकूचं मुंडकं

१

मुंडकं सापडलं. चोरही सापडला, आणि रविवारच्या चर्चमधल्या मोठ्या मिस्सानंतर, अख्ख्या गावासमोर, दगडी क्रुसाच्या चौथऱ्याशी त्याने आपल्या तोंडाने कबुली दिली. आता हे वाचलंत ते विसरून जा. प्लूरेवानमध्ये असं काही घडलेलंच नाही. कुणालाही विचारा. आधी तो तुमच्याकडे बघेल, मग तुमच्या बुटांकडे बघेल, आणि मग म्हणेल की यंदा हवा दमट आहे.

तर काहीच घडलेलं नसताना, मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी लोम कोझानेत देवळाच्या आवारात शिरला. लोम चर्चच्या घंटा वाजवायचा आणि थडगी खणायचा, आणि दोन्ही कामांवर त्याचा सारखाच राग होता. अस्थिघराच्या भिंतीपाशी आल्यावर त्याने सवयीने खाली मान घातली, कारण तिथे कोनाड्यात लाकडाचा अंकू उभा असतो आणि अंकूच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नसतो. मग त्याला वाटलं, आज काहीतरी कमी आहे. त्याने वर बघितलं. अंकू होता. हातात बाण होता, ओकाच्या लाकडातल्या बरगड्या होत्या, पाय होते. मुंडकं नव्हतं.

लोम ओरडला नाही. त्याने आधी स्वतःची मान चाचपून बघितली, आणि मगच घंटा बडवायला घेतली.

अंकू म्हणजे मरणाचा मुकादम. गावात वर्षाच्या शेवटी जो सर्वांत शेवटचा मरतो, त्याला पुढचं वर्षभर ही नोकरी लागते: करकरणारी गाडी घेऊन दारोदार फिरायचं आणि पाळी आलेल्याला उचलून न्यायचं. पगार नाही, रजा नाही, आणि नको म्हणायची सोय नाही. यंदा ही जागा, आणि तिच्याबरोबर कोनाड्यातला पुतळाही, एर्वे पुलिकेनकडे गेली होती. वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी तो मेला आणि गावाने दारांना दुसरी कडी बसवली. कारण एर्वेचं कुणाशीच पटत नव्हतं. कुणाशी बांधावरून, कुणाशी डुकरावरून, कुणाशी चर्चमधल्या बाकावरून, आणि जिथे काहीच कारण नव्हतं तिथे, कारण का नाही, यावरून. जिवंतपणी ज्याने कुणाला सोडलं नाही, तो हातात बाण मिळाल्यावर काय सोडणार? जानेवारीपासून गावात नऊ माणसं गेली. नऊच्या नऊ जणांशी एर्वेचं भांडण होतं. आता, गावात भांडण नसलेला दहावा सापडला असता तर तुलना तरी करता आली असती.

घंटा ऐकून गाव जमलं. मुंडकं कुणी नेलं यावर चर्चा झालीच नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं.

मास्तरीणबाईंनी.

२

एनोरा मेव्हेल सरकारी शाळेत शिकवायची. आमच्या ब्रेतन मुलखात सरकारी शाळेला ‘सैतानाची शाळा’ म्हणतात, आणि हे प्रेमाने म्हणत नाहीत. सिस्टरांच्या शाळेत पोरं दाटीवाटीने बसत होती, आणि एनोराच्या वर्गात अकरा पोरं होती. ती याच गावची, याच चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झालेला, म्हणून तर तिच्यावर जास्त राग. परक्या नास्तिकाला लोक थोडी सूट देतात. घरच्याला देत नाहीत.

मेयर तांगी रिऊ शाळेच्या दारात आला तेव्हा ती फळा पुसत होती.

"बाई, मुंडकं द्या."

"कुणाचं?"

"अंकूचं. सध्या तेवढंच गेलंय."

"मेयरसाहेब, मी देव मानत नाही. मग अंकू कशाला मानीन? आणि जे मी मानतच नाही, त्याचं मुंडकं घेऊन काय करीन, डिंक ठेवीन?"

रिऊने थोडा विचार केला. "हे तुम्ही हुशारीने बोललात. गावाला हुशारीने बोललेलं आवडत नाही."

"पुरावा काय आहे?"

"तुम्ही चर्चला येत नाही. म्हणजे रविवारी सगळे आत असताना तुम्ही बाहेर असता. बाहेर काय करता?"

"कपडे धुते."

"रविवारी," रिऊ म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मुंडक्यापेक्षा हा गुन्हा मोठा असावा. "हे बघा. येत्या रविवारपर्यंत मुंडकं आलं नाही, तर सोमवारपासून तुमच्याकडे एकही पोर येणार नाही. आईबापांनी मला तसं सांगितलंय. त्यांना फादरांनी तसं सांगितलंय. पोरं नाहीत म्हटल्यावर शाळा काय चिमण्यांसाठी चालवणार आहे सरकार?"

तो गेल्यावर एनोराने बाकं सरळ केली. ही शाळा बंद पडली तर अकराच्या अकरा पोरं सिस्टरांकडे जातील, घरची ब्रेतन भाषा बोलल्याबद्दल तिथेही मार खातील, आणि वर फ्रेंच राज्यक्रांती ही सैतानाची करणी होती असं पाठ करतील. ती पोरं तिची होती. गावात तिचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

तिने खडू ठेवला आणि शाल घेतली. सात वर्षांत पहिल्यांदा ती देवळाच्या आवाराकडे निघाली.

३

आवाराला दोन वाटा आहेत. एक मोठी कमान, तिच्यावर देवदूत, संत आणि दगडी कंदील. ती मेलेल्यांची वेस, आणि ती फक्त अंत्ययात्रेला उघडते. दुसरी वाट बाजूला: गुरं आत शिरू नयेत म्हणून तिथे गुडघाभर उंचीची दगडी पाटी आडवी उभी केलीय, आणि जिवंत माणसाने ती ओलांडून आत जायचं.

एनोराने पाय उचलला. भिंतीवर विणकाम करत बसलेल्या बायकांच्या सुया थांबल्या.

"बाई," लोम आतून म्हणाला, "तुम्हाला पाटी ओलांडायला त्रास होत असेल तर मोठी वेस उघडू का? ती एकाच कामासाठी उघडते, पण तुमच्यासाठी उघडीन. आनंदाने."

"आधी तू जा लोम, मी मागून येते."

सुया परत चालू झाल्या. जरा जोरात.

तिने अंकूची मान नीट बघितली. तोडलेली नव्हती, कापलेली होती: बारीक दातांच्या करवतीने, सावकाश, सरळ रेषेत. तिने खाली बघितलं. कोनाड्याच्या पायाशी पानं होती, मेणाचे थेंब होते, चिमणीची शीट होती. लाकडाचा भुसा नव्हता.

"इथलं झाडलंस?"

"मी? नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या सणाआधी मी झाडूला हात लावत नाही. मेलेल्यांना धुळीची सवय असते."

"मग भुसा कुठे गेला?"

"तुम्हीच नेला असणार. पोरांना चित्रकलेला लागत असेल." मग त्याचं तोंड कडू झालं. "आणि माझे हाल कुणी विचारू नका. म्हाताऱ्या आब्ग्रालला मंगळवारी फादरांनी मरणाआधीचं शेवटचं तेल लावलं. मी लगेच खड्डा खणून मोकळा झालो, पावसाआधी. आणि आज म्हातारा उठून बसलाय, घावन मागतोय. खारं लोणी लावून. खड्ड्यात पाणी भरतंय."

फादर केनेक देवळाच्या दक्षिणेच्या देवडीत उभे होते. तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा प्रेषितांचे पुतळे आहेत आणि गावातलं प्रत्येक घराणं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ठरलेल्या प्रेषिताखाली उभं राहून गप्पा मारतं. मेव्हेलांची जागा थॉमसखाली होती, शंका घेणाऱ्या थॉमसखाली. एनोरा मुद्दाम पेत्रुसखाली थांबली. ती रिऊंची जागा.

"लाकूड होतं ते," फादर म्हणाले. "जुनं लाकूड. मी तीनदा प्रवचनात सांगितलं की ही अंधश्रद्धा आहे. लोकांनी मान डोलावली आणि बाहेर जाऊन पुलिकेनला नमस्कार केला. आता तर मरायला टेकले तरी मला बोलवत नाहीत, आब्ग्रालकडेही मी आपणहून गेलो. म्हणतात, फादर पुढून आले की एर्वे मागून येतो."

"म्हणजे ते मुंडकं तुम्हालाही नको होतं."

"मला तुझी शाळाही नकोय. ती मी करवतीने कापली का?"

एनोराला हे मान्य करावं लागलं.

"शिवाय," फादर म्हणाले, "मी कापलं असतं तर जाळलं असतं, आणि वर त्याच्यावर चौथं प्रवचन दिलं असतं. जा आता. तू इथे उभी राहिलीस की पेत्रुसच्या हातातली किल्ली गंजते."

४

गावात बारीक दातांची करवत एकाकडेच होती: सुतार बिएल मोआल. बिएल मूळचा शेजारच्या लानवेनोकचा. तीनशे वर्षांपूर्वी लानवेनोकने आमच्यापेक्षा दोन हात उंच मनोरा बांधला, आम्ही क्रुसाखालच्या चौथऱ्यावर दगडी माणसांची गर्दी वाढवली, त्यांनी वेस मोठी केली, आम्ही अस्थिघर. दोन्ही गावं त्यात भिकेला लागली, पण माघार कुणी घेतली नाही. बिएल लग्न करून इथे आल्याला वीस वर्षं झाली, आणि गाव अजून त्याची ओळख होण्याची वाट बघत होतं.

"या," तो रंधा न थांबवता म्हणाला. "सगळ्यांना माहितीय बाईंनी केलं, आणि बाईंना माहितीय मी केलं. असंच ना?"

"तुझी करवत होती."

"करवत दारात टांगलेली असते. या गावात मला कुणी नमस्कार करत नाही, पण करवत मागायला सगळे येतात. गेल्या आठवड्यात फादरांनी नेली, नासपतीची फांदी कापायला. लोमने नेली, कशाला ते त्यालाच माहीत. मेयरने नेली. सोआझ पुलिकेनने नेली, खुराड्याचं दार बसवायला. एकानेही परत देताना आभार मानले नाहीत. म्हणजे चौघंही संशयित."

"आणि पाचवा तू."

बिएलने रंधा खाली ठेवला. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. लानवेनोकच्या माणसाने प्लूरेवानच्या अंकूचं मुंडकं चोरलं, तर तो ते लपवेल? ते बुधवारी दुपारपर्यंत आमच्या खाणावळीत सायडरच्या पिंपावर दिसलं असतं, टोपी घालून. शेजाऱ्याची वस्तू चोरून लपवायची, तर चोरायची कशाला?"

एनोराने त्याचंही नाव मनातल्या यादीतून खोडलं. सगळेच तिचा द्वेष करत होते आणि सगळेच पटण्यासारखं बोलत होते. हे फार अन्यायाचं होतं.

सोआझ पुलिकेन, एर्वेची बायको, गावाच्या टोकाला राहायची. दारात अंड्यांची टोपली होती, भरलेली. पाच महिन्यांत तिची अंडी कुणी घेतली नव्हती. ती तव्यावर काळ्या पिठाचं घावन पसरत होती आणि एनोराला बघूनही तिने हात थांबवला नाही.

"तुझ्यावर आळ आला म्हणून तू फिरतेस," ती म्हणाली. "चांगलं आहे. पाय मोकळे होतात."

"सोआझकाकू, करवत कशाला नेली होतीस?"

"खुराड्याला. जाऊन बघ."

एनोराने जाऊन बघितलं. खुराड्याचं दार मोडकंच होतं, पण ती काही बोलली नाही. मोडकी दारं गावात सगळ्यांकडे होती.

"नऊ घरांनी माझं दार ठोठावलं," सोआझ तव्याकडे बघत म्हणाली. "तुझ्या नवऱ्याने आमचा बाप नेला. तुझ्या नवऱ्याने आमची सून नेली. मी काय त्याला रोज सकाळी डबा बांधून देते कामावर जाताना? पाववाला मला पाव विकत नाही. चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही, आणि बाहेर आले की तो उभाच, पावसात, बरगड्या उघड्या टाकून. त्याची छाती जन्माची नाजूक."

"तो लाकडाचा आहे, काकू."

"लग्न तू केलं होतंस की मी?"

एनोरा उठली. दाराशी कोपऱ्यात एक लहानसा ब्रश होता, निळ्या रंगात बुडवलेला, आणि रंग वाळून कडक झालेला. सोआझच्या घराचं दार तपकिरी होतं. खिडक्याही तपकिरी होत्या.

५

शनिवारी दुपारी एनोरा अस्थिघरात शिरली. किल्ली खिळ्यावर होती. मेलेल्यांची चोरी कोण करणार, म्हणून ती कायम खिळ्यावरच असते.

आत फळ्यांवर डबे होते, ओळीने, छपराच्या आकाराचं झाकण असलेले, पक्ष्यांच्या घरट्यांसारखे. आवार लहान, मेलेले फार. काही वर्षांनी थडगं रिकामं करून पुढच्याला द्यावं लागतं. मग हाडं ढिगात जातात, पण कवटी ढिगात टाकत नाहीत. तिला डबा मिळतो, वर नाव, आणि समोर बदामाच्या आकाराचं भोक, म्हणजे आतल्याला बाहेरचं दिसावं. लहानपणी एनोरा त्या भोकांतून आत बघायची आणि आत जो असेल त्याला विचारायची, काय म्हणता.

ती फळीसमोर उभी राहून विचार करू लागली. चोराने भुसा झाडला. वैरी मान कापतो. वैरी भुसा झाडत नाही. गंमत म्हणून करणारा तर मुळीच झाडत नाही. जो झाडतो त्याला ते काम नीट व्हायला हवं असतं, सगळं रीतीप्रमाणे. आणि धडापासून वेगळं झालेल्या मुंडक्याची या गावात रीत काय?

तिने ओळीवरून नजर फिरवली. सगळ्या डब्यांची बदामं तिच्याकडे बघत होती. एक सोडून. खालच्या फळीवर, टोकाला, एका डब्याचं तोंड भिंतीकडे होतं. गावातल्या कुणीही तो सरळ केला नसता. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाला हात लावायचा नसतो. त्याला भिंतीकडे बघावंसं वाटलं असेल, त्याची मर्जी.

एनोरा काहीच मानत नव्हती, तरी तिने आधी "माफ करा" म्हटलं. मग डबा वळवला.

रंग निळा होता आणि ताजा होता. बदामाच्या वर वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘येथे एर्वे पुलिकेन यांचे मस्तक आहे.’

ती दाराकडे वळून बाहेर बघत राहिली. एर्वे पुलिकेन आवारातल्या यूच्या झाडाखाली पुरलेला होता, सगळाच्या सगळा, पाच महिन्यांपासून. त्याच्यावर गवत होतं, आणि गवताला कुणी हात लावलेला नव्हता. अजून कित्येक वर्षं त्याच्या डब्याची वेळ येणार नव्हती.

तिने वाकून बदामातून आत बघितलं. आतून ओकाच्या लाकडाचे दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

६

"उद्या सांगणार आहेस," सोआझ म्हणाली. हा प्रश्न नव्हता. शनिवारी संध्याकाळी ती आपल्या दारातच उभी होती आणि डब्याचं सांगायला आलेल्या एनोराला आत बोलावत नव्हती.

"नाही सांगितलं तर माझी पोरं जातील."

"आणि सांगितलंस तर मला गावातून हाकलतील. माझ्या कोंबड्यांना कोण विचारतंय. तू शिकलेली आहेस. कुणाचं नुकसान मोठं ते मांडून बघ आणि मला कळव."

तिने दार लावून घेतलं.

रविवारी मिस्सा सुटला. गाव आवारात जमलं, दगडी क्रुसाभोवती. चौथऱ्यावर दोनेकशे दगडी माणसं आहेत: शिपाई, बायका, चोर, ढोलवाला. त्यांचेही चेहरे काही मित्रत्वाचे नाहीत, पण खाली जमलेल्यांपेक्षा बरे होते. म्हातारा आब्ग्राल खुर्चीत बसून आला होता, मांडीवर घावनाची ताटली घेऊन.

"बोला बाई," मेयर म्हणाला. "थोडक्यात. जेवणाची वेळ झालीय."

एनोरा बोलली. लानवेनोकच्या माणसाने नेलं नाही, कारण तो मिरवल्याशिवाय राहिला नसता. बिएलने मान हलवली. वीस वर्षांत गावाने त्याच्या बाजूने ऐकलेलं हे पहिलं वाक्य. फादरांनी नेलं नाही, कारण त्यांनी जाळलं असतं. लोमने नेलं नाही, कारण भुसा झाडलेला होता, आणि लोम झाडत नाही. मेयरने नेलं नाही, कारण उद्या जिल्ह्याहून जुन्या वास्तूंचे साहेब पाहणीला येणार आहेत आणि त्यांच्यासमोर मेयरचीच फजिती व्हायची आहे.

"आणि तुम्ही?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मी नेलं नाही, कारण ज्याने नेलं त्याला ते मुंडकं खरं वाटत होतं. लाकूड वाटत असतं तर त्याने ते विहिरीत टाकलं असतं. पण त्याने त्याची रीतीप्रमाणे व्यवस्था केली. मुंडकं आवाराबाहेर गेलेलंच नाही."

"मग नाव घ्या."

एनोराने अस्थिघराच्या दाराशी उभ्या असलेल्या सोआझकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांनीच बघितलं असतं. तिने आपल्या अकरा पोरांकडे बघितलं. ती आईबापांच्या मागे, कोटांच्या टोकांना धरून उभी होती.

"नाव मी घेणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे तीच," लोम समाधानाने म्हणाला, आणि गर्दी अर्धं पाऊल पुढे सरकली.

तेवढ्यात अस्थिघराचं दार वाजलं. सोआझ बाहेर आली, निळा डबा दोन्ही हातांत धरून, आणि तिने तो चौथऱ्यावर ठेवला, दगडी ढोलवाल्याच्या पायाशी.

"मी," ती म्हणाली. "माझा नवरा. तुम्हाला काय करायचंय?"

गर्दी डब्यावरचं नाव वाचायला पुढे वाकली. शेवटी मेयरने विचारलं, "पण का, बाई?"

"त्याचा राजीनामा घेतला. तुम्ही सगळे माझ्या दारात येऊन रडलात. मुंडकं नसलेला माणूस कामावर कसा जाईल?"

"मग डबा कशाला?"

"चाळीस वर्षं संसार केलाय. उकिरड्यावर टाकू?"

कुणीतरी पुटपुटलं की हिला वेशीबाहेर काढा. कुणीतरी म्हणालं, आधी मुंडकं जागेवर लावा, मग काढा. "शिडी आणा," मेयर म्हणाला.

शिडी आली नाही. लोम जागचा हलला नाही. तो बोटं मोडत काहीतरी आठवत होता. "मुंडकं गेल्यापासून," तो सावकाश म्हणाला, "मी एकही माणूस पुरलेला नाही."

सगळ्यांनी आब्ग्रालकडे बघितलं. आब्ग्राल घावन चावत होता.

"मुंडकं परत कोण लावतोय," तो तोंडातला घास संपवून म्हणाला, "त्याने जरा पुढे येऊन आपलं नाव सांगावं."

गर्दीने पुढे टाकलेलं अर्धं पाऊल मागे घेतलं. "बिएल सुतार आहे," कुणीतरी म्हणालं. "मी बाहेरचा," बिएल म्हणाला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा हे त्याने हसून म्हटलं. सगळ्यांनी फादरांकडे बघितलं. "मी कशाला," फादर म्हणाले. "ते नुसतं लाकूड आहे." पण शिडीकडे तेही गेले नाहीत.

"उद्या साहेब येतायत," मेयर घाम पुसत म्हणाला. "बिनमुंडक्याचा अंकू बघितला तर विचारतील. लानवेनोकला कळलं तर—" त्याला पुढचं उच्चारवेना. त्याची नजर फिरता फिरता पेत्रुसवर गेली. पेत्रुसचं नाक क्रांतीत तुटलं होतं. देवदूताचा पंख क्रांतीत तुटला. थोरली घंटा क्रांतीत गेली. प्लूरेवानमध्ये जे जे मोडकं आहे, त्यात मेयरच्या आजोबांचं लग्नही येतं, ते सगळं क्रांतीत मोडलं.

मेयरचा चेहरा उजळला. "अंकूला मुंडकं नाहीच," तो म्हणाला. "क्रांतीपासून नाही."

गावाने हे तोंडात घोळवून बघितलं. चव बरी होती.

"लोम, चरबी आण आणि काजळी आण. त्या मानेला चोळ. दुपारपर्यंत सव्वाशे वर्षं जुनी दिसली पाहिजे."

"झाडूनही ठेवू?" लोमने विचारलं.

"नको. संशय येईल."

"हे खोटं आहे," एनोरा म्हणाली.

"हा इतिहास आहे," मेयर म्हणाला. "आणि बघा, यात तुम्हीही सुटलात. क्रांतीच्या वेळी तुम्ही जन्मला नव्हता. सोआझही नव्हती. सगळे निर्दोष. मात्र उद्या साहेबांना तुम्ही सांगायचं. तुम्ही सरकारी शाळेच्या. तुमच्या तोंडून खरं वाटेल."

फादर केनेक बऱ्याच वर्षांनी हसले. "आणि पोरांना शिकवायचं. क्रांतीतल्या माणसांनी आमच्या अंकूची मान कापली. तुझ्याच माणसांनी, एनोरा. तुझ्याच वर्गात, तुझ्या त्या प्रजासत्ताकाच्या लाल टोपीवाल्या बाईच्या तसबिरीखाली उभं राहून सांगायचं."

सोआझने डबा छातीशी धरला होता. ती एनोराकडे बघत होती, आणि त्या बघण्यात आभार नव्हते. मांडून झालं का, एवढंच होतं. अकरा पोरं कोटांआडून बघत होती.

एनोरा म्हणाली, "क्रांतीत कापली."

सोमवारी साहेबांनी मानेला बोट लावलं, काजळीचा वास घेतला, हळहळले आणि जेवायला गेले. अकराच्या अकरा पोरं शाळेत आली. त्यांनी धडा लिहून घेतला. सोआझ परत आपल्या बाकावर एकटी बसू लागली, कारण तिने काही केलंच नव्हतं तर तिला माफ तरी कशाबद्दल करायचं. एनोराची कुणी माफी मागितली नाही, त्याच कारणाने.

राहिला एकच कायदेशीर मुद्दा: वर्षअखेरीला ही जागा आता कुणाच्या गळ्यात पडणार? तो आब्ग्रालने काढला, आणि गावाने तो इतका मनावर घेतला की मेयर पुन्हा शाळेच्या दारात आला, या वेळी टोपी हातात घेऊन. बिशपसाहेबांना अर्ज करायचा होता, शुद्ध फ्रेंचमध्ये, आणि शुद्ध फ्रेंच गावात एकटीलाच येत होतं. एनोराने चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता तो लिहिला. खाली सगळ्या गावाने सह्या केल्या, फादरांनी सर्वांत शेवटी, फार बारीक अक्षरात:

‘महोदय, सविनय निवेदन की, या धर्मग्रामातील अंकूचे पद क्रांतीपासून रिक्त असून, ग्रामस्थांची त्याबद्दल कोणतीही तक्रार नाही. सबब सदर पद कायमस्वरूपी रद्द करण्यात यावे. ते शक्य नसल्यास यापुढील नेमणूक लानवेनोक येथील मृतांमधून करावी, तेथे लायक उमेदवार मुबलक आहेत. मात्र नेमलेल्या व्यक्तीस प्लूरेवानच्या हद्दीत प्रवेश देऊ नये. या अर्जावर अंतिम निर्णय होईपर्यंत आमच्या हद्दीतील सर्व मृत्यूंना स्थगिती मिळावी, ही नम्र विनंती.’